सुई डब्यात पडेपर्यंत तुमचीच: दवाखान्याच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतल्या मराठी घरांतून कितीतरी मुलंमुली दवाखान्यांच्या कामाला लागतात. कोणी नर्सिंग करून, कोणी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा घेऊन, कोणी सरळ वॉर्डबॉय नाहीतर आया म्हणून. पहिल्या आठवड्यात त्यांना बीपी मोजणं, सलाइन लावणं, रजिस्टर भरणं सगळं दाखवतात. वापरलेल्या सुईचं काय करायचं, हे मात्र ‘बघून शिकशील’ यावर भागवलं जातं. आणि बघून जे शिकायला मिळतं ते बहुतेक वेळा चुकीचंच असतं. माझी एकतीस वर्षं वॉर्ड आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गेली. आता निवृत्त आहे, आणि नोकरी लागली की मुली पेढे घेऊन येतात तेव्हा त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

इतक्या वर्षांत ज्यांना सुया टोचलेल्या पाहिल्या, त्यांतल्या इंजेक्शन देताना टोचलेल्या थोड्या. बाकीच्या त्यानंतरच्या. टोपण लावताना, ट्रे उचलताना, पिशवी बांधताना, चादर झटकताना. आणि त्यातल्या बऱ्याच सुया ज्याला टोचल्या त्याच्या नव्हत्याच, दुसऱ्याच कोणीतरी सोडून दिलेल्या होत्या. त्यामुळे हा लेख तुमच्या हाताच्या काळजीइतकाच तुमच्यामागून येणाऱ्या हाताबद्दल आहे.

आधी लस, मग ड्यूटी

रक्तातून पसरणारे तीन आजार आपल्या कामात महत्त्वाचे: हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. लोक घाबरतात तिसऱ्याला, घाबरायला हवं पहिल्याला. ज्याच्या रक्तात विषाणू आहे अशा रुग्णाची सुई टोचली, तर एचआयव्हीची लागण होण्याचा संभव हजारात सुमारे तीन. हेपॅटायटिस सीचा शंभरात दोनहून कमी. आणि लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बीचा? शंभरात सहापासून तीसपर्यंत, रुग्णाच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर. शिवाय बीचा विषाणू चिवट. टेबलावर वाळलेल्या रक्ताच्या डागात तो सात दिवस तग धरू शकतो.

पण याच बीवर उत्तम लस आहे. सीवर लस नाही, एचआयव्हीवर नाही. म्हणजे तिघांतला सगळ्यात सहज लागणारा आजार आपण आधीच दाराबाहेर ठेवू शकतो, आणि तरीही निम्मं आयुष्य दवाखान्यात काढलेली, एकही डोस न घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

तीन डोस. आज पहिला, एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. दंडावरच घ्यायचे. कमरेखाली घेतले तर चरबीत लस नीट भिनत नाही. दुसऱ्या डोसनंतर ‘झालं की’ म्हणून विसरणारे पुष्कळ, म्हणून तिसऱ्याची तारीख घरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ताची अँटी-एचबीएस तपासणी करायची, लस लागू झाली की नाही ते तिच्यातून कळतं. आकडा दहा किंवा जास्त आला की तुम्ही सुरक्षित. कमी आला तर पुन्हा तीन डोस आणि पुन्हा तपासणी. तरीही दहाच्या खाली राहिला तर अशी थोडी माणसं असतात. त्यात तुमचा दोष नाही, पण तो कागद जपून ठेवायचा, कारण उद्या सुई टोचली तर तुमचे उपचार वेगळे होतील.

‘लहानपणी सगळ्या लसी झाल्यात’ यावर विसंबू नका. देशभरच्या सरकारी लसीकरणात ही लस २०११ च्या सुमारास सगळीकडे पोचली. आज कामाला लागणारी विशीतली मुलं त्याच्या आधी जन्मलेली.

पैशाचं म्हणाल तर ते मालकाने द्यायचे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचऱ्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, रुजू होताना आणि नंतर दरवर्षी आरोग्यतपासणी आणि प्रशिक्षण देणं ही दवाखान्याचीच जबाबदारी आहे. ठेकेदाराकडून आलेली सफाईची माणसंही यात आली. मुलाखतीत पगार विचारता तसं हेही विचारा. लाजू नका. आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं उत्तर मिळालं तर स्वतःच्या पैशाने पहिला डोस घेऊन टाका, भांडण नंतर करा.

कोणाचं रक्त ‘चांगलं’ हे विचारू नका

नव्या मुलांचा हमखास प्रश्न: ‘सिस्टर, पेशंट पॉझिटिव्ह आहे का ते आधी सांगत जा ना.’ प्रश्न साधा वाटतो, पण त्यात फसगत आहे. लागण झाल्यावर काही आठवडे तपासणीत काहीच दिसत नाही. ज्याला आपल्याला हेपॅटायटिस सी आहे हे माहीतच नाही, तो सांगणार काय? १९८४ साली इंग्लंडमधल्या एका नर्सला सुईतून एचआयव्हीची लागण झाल्याची पहिली नोंद वैद्यकीय जगात झाली, आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सरसकट नियम सांगितला की प्रत्येकाचंच रक्त संसर्गजन्य समजून काम करायचं. आज सगळीकडे त्याच नियमाने चालतं, निदान कागदावर तरी.

काही ठिकाणी पलंगाला लाल चिकटपट्टी लावतात, फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहितात. त्याने दोन वाईट गोष्टी होतात. पट्टी नसलेल्या रुग्णाशी सगळे निष्काळजी होतात. आणि पट्टी असलेल्या माणसाची वॉर्डभर बदनामी होते. एचआयव्हीबद्दल तर ते कायद्याविरुद्धही आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि संमतीशिवाय कोणाची एचआयव्हीची स्थिती उघड करायला तो मनाई करतो. त्याच कायद्याने जिथे रक्ताशी संबंध येतो त्या संस्थेने कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यावरचं औषध पुरवायचं आहे. दोन्ही बाजू लक्षात ठेवा.

रक्ताबरोबर वीर्य, योनिस्राव, पाठीच्या कण्यातलं पाणी, छाती-पोटातलं पाणी, गर्भजल यांनाही तितकंच जपायचं. घाम, अश्रू, लघवी, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर या तिघांची भीती नाही. थुंकीचंही तसंच, पण दातांच्या दवाखान्यात थुंकीत रक्त असतंच असं धरून चला. धडधाकट कातडीवर रक्त पडलं तर धुतलं की झालं. कापलेल्या, खरचटलेल्या, खरूज-इसब असलेल्या कातडीवर मात्र धोका आहे. म्हणून कामावर जाताना हाताकडे एकदा बघा. भाजी चिरताना कापलेलं बोट असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा आणि वर ग्लोव्ह.

सोबत जेवणं, हात मिळवणं, एकाच संडासात जाणं, यांनी काही होत नाही. हे सासरी-माहेरीही सांगून ठेवा, नाहीतर दवाखान्यात काम करणाऱ्या सुनेचा पेला वेगळा ठेवणारी घरं आपल्याकडे अजून आहेत.

ग्लोव्हज आणि चपला

ग्लोव्ह सुई अडवत नाही. मग घालायचा कशाला? सुई रबरातून जाताना तिच्यावरचं रक्त थोडंफार पुसलं जातं, आत कमी जातं. म्हणून ओटीत दोन जोड्या चढवतात. पण तेच ग्लोव्हज घालून फोन उचलला, दाराची कडी लावली, पेन कानावर ठेवलं की सगळं मुसळ केरात. एका रुग्णाला एक जोडी, काढल्यावर हात धुवायचे. सफाईच्या मावशींना पातळ ग्लोव्हज देऊन भागत नाही, त्यांना जाड रबरी हवेत, कोपरापर्यंतचे. मिळत नसतील तर मागा. रक्त उडण्याची शक्यता असेल, म्हणजे बाळंतपण, सक्शन, मोठं ड्रेसिंग, तिथे चष्मा आणि मास्क.

आता पायांचं. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळे स्लीपरवर. हातातून निसटलेली सुई टोकाकडून खाली येते आणि पायाच्या बोटावर पडते. बंद बूट घाला, भले पाय शिजले तरी.

सुई: इथे घाई करू नका

वॉर्डमधली रोजची गोष्ट, रक्त काढायचं. नवी मुलगी ट्रे घेते, त्यात सिरिंज, कापूस, ट्यूब, टूर्निकेट. रुग्णापाशी जाते, शीर सापडते, रक्त येतं, ती खूश. सुई बाहेर काढते, कापूस दाबते. आता तिच्या एका हातात उघडी सुई आहे आणि दुसरा हात कापसावर अडकलेला. वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा? नर्सिंग स्टेशनवर, वीस पावलं लांब. मग ती काय करते? एक तर सुई गादीत खुपसून ठेवते, नाहीतर ट्रेमध्ये कापसाखाली, नाहीतर दाताने टोपण धरून लावायला बघते. हे तिन्ही मी स्वतः पाहिलं आहे. त्यातली पहिली दोन मी स्वतः केलीही आहेत.

म्हणून पायरी अशी की रक्त काढण्याआधी डबा आणून ठेवायचा, तुमच्या हाताच्या टप्प्यात, ज्या हातात सुई असणार त्याच बाजूला. डबा पोचल्याशिवाय टूर्निकेट बांधायचा नाही. रुग्ण लहान मूल असेल, प्यायलेला असेल, भ्रमात असेल, तर धरायला दुसरा माणूस बोलवा, आणि ज्याने धरलंय त्याचा हात सुईच्या वाटेत नाही ना हे बघा. सुई काढली की कापूस रुग्णाला किंवा नातेवाइकाला दाबायला सांगा आणि सुई त्याच क्षणी डब्याकडे. बाकी सगळं नंतर. ट्यूबवर नाव लिहायचं तेही नंतर.

टोपण परत लावायचं नाही. सुई वाकवायची नाही, हाताने सिरिंजपासून वेगळी करायची नाही. हब कटर असेल तर सुईचं मूळ त्यात घालून कापायचं. सुई खाली पडते, सिरिंजचं तोंडही कापलं जातं, म्हणजे ती कोणी परत वापरू शकत नाही. मग सिरिंज लाल पिशवीत. कधी खरंच टोपण लावायची वेळ आली, उदाहरणार्थ एबीजीसारखा (धमनीतल्या रक्ताचा) नमुना आहे आणि जवळ दुसरं काही नाही, तर टोपण टेबलावर आडवं ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवायची, दुसरा हात पाठीमागे. पळीने वरण उचलावं तसं. घरी कोऱ्या सिरिंजवर दहा वेळा करून बघा, जमतं.

आता एक गोष्ट जी कुठल्याच तक्त्यावर लिहिलेली नसते. काचेची किंवा कडक प्लॅस्टिकची सलाइनची बाटली असली की हवा जायला तिच्या बुडात एक सुई खुपसतात. ‘एअर’ दिला म्हणतात. ती सुई बऱ्याचदा हातात असेल ती असते, कधी नवी, कधी नुकतीच वापरलेली. बाटली संपते, सिस्टर नळी काढते, बाटली तशीच स्टँडवर. सकाळी मावशी येतात, बाटल्या गोळा करतात, बुडाकडून धरतात. मी एका खाजगी नर्सिंग होममध्ये असताना आमच्या मावशींना अशीच तळहातात सुई घुसली, आरपार नाही, पण खोल. त्यांनी सुई उपटली, पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, “अरे सिस्टर, ये तो रोज का है.” रोजचं! आणि ती बाटली कोणाची, ती सुई आधी कोणाच्या शिरेत होती, हे सांगायला कोणी नव्हतं. त्या दिवसानंतर बाटली उतरवताना एअरची सुई मी स्वतः काढते की नाही, यावर माझी ड्यूटी संपली की नाही ते ठरायला लागलं. तुम्हीही ती सवय लावून घ्या. शक्यतो एअर व्हेंट असलेला सेट मागा, म्हणजे सुईची गरजच राहत नाही.

ओटीत: धारदार वस्तू हातातून हातात देऊ नका. मधे किडनी ट्रे ठेवा, एकाने ठेवायची, तोंडाने ‘ब्लेड’, ‘नीडल’ म्हणायचं, दुसऱ्याने उचलायची. सर्जन चिडले तर चिडू देत. टाके घालायची सुई बोटांनी पकडायची नाही, नीडल होल्डरनेच. ब्लेड काढायलाही तोच.

डबा पांढरा, अर्धपारदर्शक, सुई आरपार न जाणारा, गळती न होणारा. तीन-चतुर्थांश भरला की बंद. वरपर्यंत भरलेल्या डब्यात वरची सुई आत दाबायला जो अंगठा जातो, तो अंगठा मी दोनदा धुतला आहे, दोन वेगवेगळ्या मुलींचा.

पिशव्यांचे रंग

रंग चार. पिवळ्यात रक्ताने माखलेला कापूस, गॉज, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये प्लॅस्टिक: नळ्या, सुईविना सिरिंज, ग्लोव्हज, कॅथेटर. पांढऱ्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काच: फुटलेले अँप्यूल, रिकाम्या व्हायल; निळा म्हणजे पिशवी नव्हे, निळी खूण असलेला न फुटणारा डबा. कचरा ४८ तासांहून जास्त ठेवायचा नाही, आणि पिशवीवर बारकोड असतो तो उगीच नसतो.

पिशवी उचलताना वरून गळ्याशी धरा, अंगापासून दूर. खालून हात लावून, छातीशी धरून नेऊ नका, कारण लालमध्ये सुई नसायला हवी आणि तरीही असते. पाय देऊन दाबू नका. पिशवीत काही चुकून पडलं तर हात घालून शोधू नका, मग ते तुमचं पेन असो की सोन्याची अंगठी. चादरी गोळा करताना झटकायच्या नाहीत, आतल्या बाजूला गुंडाळत न्यायच्या. धोब्याकडे गेलेल्या गाठोड्यातून व्हेनफ्लॉनच्या, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायच्या, सुया निघाल्याचं मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

आपल्या इंदूरचा कचऱ्याचा तोरा सगळ्या देशाला माहीत आहे. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर, घरोघरी ओला, सुका, सॅनिटरी, घातक असं वेगळं करून गाडीत टाकतो. जो माणूस घरी केळ्याचं साल आणि दुधाची पिशवी वेगळी करतो, तोच ड्यूटीवर आला की सुई पिवळ्या पिशवीत टाकतो, हे मला आजवर कळलेलं नाही. आणि घरी? बाबांना मधुमेह असेल, इन्शुलिन चालू असेल, तर त्या सुया आणि बोटाला टोचायच्या लॅन्सेट कुठे जातात ते बघा. सुक्या कचऱ्यात जात असतील तर कचरा निवडणाऱ्या सफाईमित्राच्या हातात जातात. जाड प्लॅस्टिकची डिटर्जंटची रिकामी बाटली घ्या, तिच्यात टाकत जा, भरली की झाकण घट्ट करून वर ‘सुया’ लिहा आणि गाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या.

रक्त सांडलं तर

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी पोछा मारणं. त्याने वाटीभर रक्त खोलीभर होतं. आधी लोकांना बाजूला करा, ग्लोव्हज घाला. काचेचे तुकडे असतील तर चिमट्याने किंवा पुठ्ठ्याने उचला, हाताने नाही. मग जुनी वर्तमानपत्रं किंवा गॉज टाकून रक्त झाका आणि वरून हायपो (जंतुनाशक, त्याचं माप पुढे सांगते) ओता, कडेकडून मधे, म्हणजे पसरत नाही. निदान दहा मिनिटं थांबा. आम्ही मोठ्या सांडण्याला अर्धा तास ठेवायचो. मग ते सगळं पिवळ्या पिशवीत, जागा पुन्हा हायपोने पुसायची, शेवटी साबणाच्या पाण्याने.

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि तो एक टक्का हवा. कॅन पाच टक्क्यांचा असेल तर २०० मिली हायपोत ८०० मिली पाणी. दहा टक्क्यांचा असेल तर १०० मिलीत ९००. कॅनवरचा आकडा वाचा, ‘एक झाकण टाक’ हे माप नाही. रोज नवा करायचा, कारण तो उडून जातो, त्यात आपला मे महिना. गरम पाण्यात मिसळू नका. आणि संडास धुवायच्या ॲसिडबरोबर तर कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि मावशी खोकून खोकून बेजार होतात.

टोचलीच तर

१९९४ साली मला टोचली होती. नवी नोकरी, रात्रीची ड्यूटी, टोपण लावताना डाव्या तर्जनीत. मी काय केलं? बोट नळाखाली धरून पिळत बसले, मग डेटॉल ओतलं, मग स्पिरिट. आणि कोणाला सांगितलं नाही, कारण मॅडम म्हणाल्या असत्या, ‘एवढंही येत नाही?’ सहा महिने मी घरच्या कोणाच्या ताटाला हात लावला नाही, भावाच्या मुलाला उचललं नाही. त्यातलं कशाचीच गरज नव्हती, आणि ज्याची गरज होती ते एकही मी केलं नव्हतं. लसही घेतलेली नव्हती. नशीब म्हणून निभावलं.

तुम्ही असं करा.

वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट-डेटॉल-हायपो ओतायचं नाही. त्याने कातडी भाजते, विषाणू काही मरत नाहीत. डोळ्यात उडालं असेल तर मान मागे करून साध्या पाण्याने किंवा सलाइनने धुवत राहा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी तिच्यासकट धुवा, मग काढा. तोंडात गेलं तर थुंका आणि खळखळून चुळा भरा.

मग लगेच, म्हणजे ड्यूटी संपल्यावर नव्हे, इन-चार्जला सांगा आणि डॉक्टरकडे जा. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी पेप नावाचं औषध आहे. ते जितकं लवकर तितकं चांगलं, दोन तासांत मिळालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. सध्या टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर या तिन्हींची एकच गोळी रोज, असं २८ दिवस. रुग्णाचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. डॉक्टरांनी सांगितलं तर पहिली गोळी घ्या, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर बंद करता येते. मळमळ होते, डोकं दुखतं, म्हणून आठव्या दिवशी सोडणारे पाहिलेत. सोडू नका, त्रास डॉक्टरांना सांगा. तुमच्याकडे औषध नसेल तर सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडे एमवाय रुग्णालयात एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं, केंद्र आहे. रात्री-बेरात्री कॅज्युअल्टी उघडी असते. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७.

ज्याची सुई, त्या रुग्णाची तपासणी त्याच्या संमतीने करायची. गुपचूप रक्त पाठवायचं नाही. ‘आमच्या सिस्टरला तुमची सुई टोचली, तिच्यासाठी तपासणी करू द्याल का?’ असं नीट विचारलं तर नाही म्हणणारा मला क्वचितच भेटला.

त्याच दिवशी तुमचीही तपासणी, एचआयव्ही, बी आणि सी तिन्हींसाठी. ती म्हणजे तुम्ही आधी निरोगी होता याचा पुरावा. एचआयव्हीसाठी पुन्हा सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. लस पूर्ण आणि आकडा दहाच्या वर असेल तर बीची चिंता मिटली. लस घेतलेली नसेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, २४ तासांच्या आत घेतलेलं बरं, सात दिवसांनंतर फायद्याची खात्री नाही. सीसाठी आधी देण्यासारखं काही नाही, पण लागण झालीच तर आता बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरं करता येतं, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती औषधं मोफत आहेत. माझ्या तरुणपणी हे कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. शेवटची तपासणी होईपर्यंत रक्तदान नाही, आणि निरोध वापरायचा. जेवण, मुलं, मिठी, सगळं नेहमीसारखं.

आणि नोंद. अपघाताच्या रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, कुठली सुई, काय करताना, कोणासमोर, हे लिहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. ‘लिहिलं तर आपल्यावर येईल’ असं सांगणारे भेटतील. उलट आहे. दवाखाना आणि प्रयोगशाळेच्या कामातून झालेला संसर्गजन्य आजार १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे. हक्क मागायची वेळ आली तर ते पान आणि पहिल्या दिवसाचा रक्ताचा रिपोर्ट, एवढेच दोन कागद तुमच्या बाजूने बोलतात. मला टोचली तेव्हा माझ्याकडे दोन्ही नव्हते.

हे सगळं रुजू होण्याआधी वाचत असाल तर पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या. पांढरे डबे कुठे मिळतात. अपघाताचं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे. आणि रात्री पेपच्या गोळ्या कोणाकडे असतात. तिसऱ्याचं उत्तर ‘किल्ली मॅडमकडे असते’ असं आलं, तर रात्री दोन वाजता मॅडम कुठे असतात तेही विचारा.